तेरा अक्षरांचा जुना हॅश : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात नाशिक शहरातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती. जुन्या संगणकप्रणालींतील पासवर्ड-हॅश (पासवर्डापासून गणिताने काढलेला, उलट न फिरवता येणारा ठसा) नव्या भाषेत कसा पडताळावा, हा तो विषय. म्हणून यावेळचे सदर त्यालाच दिले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची सभासद-नोंदणीची प्रणाली फार वर्षांपूर्वी पर्ल भाषेत लिहिलेली आहे. तिच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक सभासदापुढे तेरा अक्षरांचा हॅश आहे. हीच प्रणाली मी आता पायथनमध्ये नव्याने लिहीत आहे. परंतु पायथन ३.१३मध्ये ‘क्रिप्ट’ हे मॉड्यूलच उरलेले नाही. सर्व सभासदांना एकाच दिवशी नवे पासवर्ड घ्यायला लावणे संचालक मंडळाला मान्य नाही. जुना हॅश पडताळणारे फंक्शन मी स्वतः लिहावे काय? लिहायचे झाल्यास सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : एकूण अक्षरे तेरा आणि सुरुवातीला डॉलरचे चिन्ह नाही, या दोन खुणांवरून आपल्याकडील हॅश पारंपरिक युनिक्स ‘क्रिप्ट’ पद्धतीचे, म्हणजे डीईएस या संकेतनपद्धतीवर (किल्ली वापरून मजकूर गुप्त करण्याच्या पद्धतीवर) आधारलेले आहेत, असे धरून चालायला हरकत नाही. पायथनमधून जे मॉड्यूल गेले ते मुळात स्वतः काही गणित करीतच नव्हते. ते कार्यप्रणालीच्या ‘क्रिप्ट’ फंक्शनला बोलावून त्याचे उत्तर आपल्या हाती देत असे, आणि म्हणूनच ते विंडोजवर कधी उपलब्ध नव्हते. ३.११ या आवृत्तीत ते कालबाह्य ठरवले गेले आणि ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या ३.१३मधून काढून टाकले गेले. लिनक्सवरील मूळ फंक्शन बहुतेक ठिकाणी अजून जागेवर आहे. आपला सर्व्हर लिनक्सवर असेल, तर ‘सीटाइप्स’ या, सी भाषेतील फंक्शने पायथनमधून बोलावणाऱ्या मॉड्यूलच्या मदतीने ते थेट बोलावणे हा सर्वांत कमी श्रमाचा मार्ग होय. ‘पासलिब’ या लायब्ररीतही निव्वळ पायथनमध्ये लिहिलेली हीच पद्धत मिळते.

तरीही आपण स्वतः लिहू म्हणत असाल, तर माझा विरोध नाही. संकेतनाचा कोड स्वतः लिहू नये, असा सल्ला वारंवार दिला जातो आणि तो योग्यच आहे. पण त्याचा रोख नवी पद्धत बेतणाऱ्यांवर आहे. येथे पद्धत ठरलेली आहे, उत्तरही शेवटच्या अक्षरापर्यंत ठरलेले आहे, आणि मध्ये एक बिट जरी चुकला तरी हॅश पूर्ण वेगळा येऊन चूक लगेच उघडी पडते. अट एवढीच की हे फंक्शन जुन्या नोंदी पडताळण्यापुरतेच असावे. नवा पासवर्ड त्यातून कधीही साठवू नये.

लिहिण्याआधी ही रचना अशी का झाली ते पाहणे उपयोगाचे आहे, कारण तिच्यातील प्रत्येक विक्षिप्त वाटणाऱ्या गोष्टीमागे एक कारण आहे. बेल लॅब्जमधील रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्पसन यांनी ती बसवली, १९७९मध्ये तिच्याविषयी निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतून ती सर्वत्र पसरली. त्याआधी युनिक्समध्ये पासवर्डासाठी एम-२०९ या दुसऱ्या महायुद्धकालीन संकेतनयंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम वापरात होता. तो फारच चपळ निघाला : पीडीपी-११/७० या संगणकावर एक अंदाज तपासून पाहायला सुमारे सव्वा मिलिसेकंद पुरत असे, आणि हा वेग खऱ्या वापरकर्त्यापेक्षा पासवर्ड शोधणाऱ्याच्याच पथ्यावर पडत होता. म्हणून मॉरिस आणि टॉम्पसन यांनी १९७७मध्ये अमेरिकी मानक ठरलेली डीईएस पद्धत निवडली आणि ती मुद्दाम मंद केली.

या पद्धतीत पासवर्डाला मजकुराचे नव्हे, तर किल्लीचे काम दिलेले आहे. पासवर्डाच्या पहिल्या आठ अक्षरांतून प्रत्येकी सात बिट घेऊन छप्पन्न बिटांची किल्ली बनते. अक्षरे आठांहून कमी असली तर उरलेली जागा शून्यांनी भरली जाते. जास्त असली तर पुढची अक्षरे गुपचूप सोडून दिली जातात. मग चौसष्ट बिटांचा, सर्व शून्यांचा एक ठोकळा या किल्लीने संकेतित करायचा, आलेला ठोकळा पुन्हा त्याच किल्लीने संकेतित करायचा, असे एकूण पंचवीस वेळा. पासवर्ड बरोबर आहे की नाही हे पाहताना काहीही उलगडले जात नाही; तीच क्रिया पुन्हा करून दोन उत्तरे ताडून पाहिली जातात.

सॉल्ट, म्हणजे हॅश काढताना मिसळली जाणारी यादृच्छिक किंमत, बारा बिटांचा असतो, म्हणजे त्याच्या ४,०९६ शक्यता. हॅशच्या तेरा अक्षरांपैकी पहिली दोन म्हणजे हाच सॉल्ट. दोन सभासदांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळा यावा आणि शब्दकोशातील शब्दांचे हॅश आधीच काढून ठेवणाऱ्याचे काम चार हजार पटींनी वाढावे, हा त्याचा हेतू. परंतु तो पासवर्डाला जोडला जात नाही, येथेच नवशिके फसतात. डीईएसच्या प्रत्येक फेरीत उजव्या बाजूचे बत्तीस बिट ‘ई’ नावाच्या तक्त्यातून अठ्ठेचाळीस होतात, त्यांचा उपकिल्लीशी (किल्लीतून त्या फेरीसाठी काढलेल्या बिटांशी) एक्सओआर होतो, म्हणजे दोन बिट वेगळे असतील तर एक, सारखे असतील तर शून्य; मग आठ एस-बॉक्समधून, म्हणजे ठरीव बदली-तक्त्यांमधून, ते पुन्हा बत्तीस होऊन बाहेर पडतात. सॉल्ट या ‘ई’ तक्त्यातच ढवळाढवळ करतो : सॉल्टचा पहिला बिट एक असेल, तर तक्त्यातून निघणारा पहिला आणि पंचविसावा बिट आपसात बदलायचे, दुसरा बिट एक असेल, तर दुसरा आणि सव्विसावा, असे बाराव्या बिटापर्यंत. यामुळे ही पद्धत प्रमाण डीईएस राहत नाही, आणि बाजारात तयार मिळणाऱ्या डीईएस-चिपा लावून पासवर्ड शोधण्याची सोय उरत नाही. १९७९च्या मानाने ही युक्ती फार दूरदृष्टीची होती असे मला वाटते.

आता कोडविषयी. मूळ सी प्रोग्रॅममध्ये एकेक बिट एकेका ॲरे-घरात ठेवून सगळी कामे केलेली आहेत. आपली पहिली आवृत्ती तशीच लिहावी. ती मंद असली तरी मानकातील तक्ते जसेच्या तसे उतरवता येतात आणि डोळ्यांनी तपासता येतात. ती बरोबर चालू लागल्यावरच दुसरी, वेगवान आवृत्ती हाती घ्यावी. तिच्यात प्रत्येक एस-बॉक्स आणि त्यापुढचे ‘पी’ क्रमांतर (बिटांच्या जागांची ठरीव अदलाबदल) एकत्र करून चौसष्ट नोंदींचे आठ तक्ते आधीच तयार करता येतात. ‘ई’मधून आलेले अठ्ठेचाळीस बिट चोवीस-चोवीसच्या दोन भागांत ठेवले, तर सॉल्टची अदलाबदल तीन ओळींत होते : दोन्ही भागांचा एक्सओआर काढून त्यावर सॉल्टचा मुखवटा लावायचा (म्हणजे सॉल्टमध्ये जेथे एक आहे तेवढेच बिट ठेवायचे), आणि जे उरेल त्याचा पहिल्या भागाशी व दुसऱ्या भागाशी एक्सओआर करायचा. आणखी एक बचत अशी, की डीईएसच्या सुरुवातीचे आणि शेवटचे क्रमांतर एकमेकांच्या उलट असल्यामुळे पंचवीस संकेतनांच्या मधली त्यांची जोडी परस्पर रद्द होते. सुरुवातीचे क्रमांतर तर शून्यांवरच व्हायचे असल्यामुळे त्याचीही गरज नाही. प्रत्येक संकेतनानंतर दोन्ही अर्धांची जागा बदलायची आणि शेवटचे क्रमांतर अगदी शेवटी एकदाच लावायचे.

पायथनमध्ये पूर्णांकाला लांबीची मर्यादा नसल्यामुळे डावीकडे सरकवलेले बिट आपोआप गळून पडत नाहीत. उपकिल्ल्या काढताना अठ्ठावीस बिटांचे अर्ध फिरवावे लागते, तेथे प्रत्येक वेळी अठ्ठावीस बिटांचा मुखवटा लावायला विसरू नये. तुलनेला लागणाऱ्या वेळेवरून काही कळू नये म्हणून दोन हॅशची तुलना साध्या बरोबर-चिन्हाने न करता ‘एचमॅक’ मॉड्यूलमधील ‘कम्पेअर-डायजेस्ट’ने करावी.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. मी जावामध्ये लिहिलेले डीईएस पुस्तकातील उदाहरणांशी तंतोतंत जुळते. पण तेच वापरून लिहिलेले क्रिप्ट पर्लच्या उत्तराशी जुळत नाही. फक्त पहिली दोन अक्षरे जुळतात. चूक कोठे शोधावी?
— एक विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : पहिली दोन अक्षरे जुळली यात समाधान मानू नये, ती आपणच दिलेल्या सॉल्टची नक्कल आहेत. चूक मात्र पद्धतशीरपणे, एकेक घटक वेगळा काढून शोधता येते.

सर्वप्रथम सॉल्ट म्हणून दोन पूर्णविराम-बिंदू द्यावेत. क्रिप्टच्या वर्णक्रमात बिंदूची किंमत शून्य असल्यामुळे ‘ई’ तक्त्यात काहीच बदल होत नाही, आणि उरते ते निव्वळ प्रमाण डीईएस, पंचवीस वेळा. हे जावाच्या स्वतःच्या ‘सायफर’ वर्गाने, ईसीबी पद्धतीत (प्रत्येक ठोकळा स्वतंत्र) आणि पॅडिंगशिवाय (शेवटी भर न घालता), शून्यांच्या ठोकळ्यावर करून पाहता येते. जावाचे उत्तर आणि आपले उत्तर येथे जुळले, पण पर्लचे जुळले नाही, तर दोष बहुधा किल्लीत आहे. डीईएस प्रत्येक बाइटचा सर्वांत उजवा बिट पॅरिटीसाठी राखून ठेवते आणि किल्ली बनवताना तो टाकून देते. म्हणून अक्षराचे सात बिट एक घर डावीकडे सरकवून ठेवावे लागतात : लहान रोमन ‘जी’चा आस्की क्रमांक १०३, तर किल्लीतील बाइट २०६. हे सरकवणे राहून गेले तर अक्षराचा एक उपयोगी बिट हरवतो, आणि त्याची हमखास खूण म्हणजे लहान लिपीतील ‘बी’ आणि ‘सी’ या एकाक्षरी पासवर्डांचा हॅश एकच येतो, कारण ९८ आणि ९९ यांच्यात फरक असतो तो त्याच शेवटच्या बिटाचा.

बिंदू-बिंदू जुळल्यावर सॉल्ट म्हणून लहान ‘झेड’ दोनदा द्यावा. त्याची किंमत ६३, म्हणजे बाराही बिट एक. हे दोन्ही सॉल्ट जुळले आणि इतर बहुतेक जुळत नाहीत, असे दिसले तर अदलाबदल करणारा कोड बरोबर आहे, फक्त बिटांचा क्रम उलटा लागला आहे. मग तिसरा सॉल्ट घ्यावा : तिरपी रेघ दोनदा. ती जुळली तर आपण सॉल्टच्या दोन अक्षरांची जागा उलटी घेतली आहे, कारण पहिले अक्षर पहिल्या सहा बिटांचे आणि दुसरे पुढच्या सहांचे असते. ती जुळली नाही तर मुखवट्याचे बाराही बिट उलट दिशेने मोजले गेले आहेत. डीईएसच्या मानकात बिट डावीकडून एकपासून मोजतात, प्रोग्रॅमर उजवीकडून शून्यापासून मोजतात, आणि सॉल्टच्या अक्षरातील सर्वांत उजवा बिट ‘ई’मधून निघणाऱ्या सर्वांत डाव्या बिटाला लागू होतो. या गोंधळात जितका वेळ जातो तितका उरलेल्या संपूर्ण डीईएसमध्ये जात नाही.

उत्तराचे अक्षरांत रूपांतर करताना जावाचे तयार बेस-६४ (सहा-सहा बिटांचे एकेक अक्षर करणारे रूपांतर) वापरता येणार नाही. तेथील क्रम मोठ्या ‘ए’पासून सुरू होतो, येथे तो बिंदू, तिरपी रेघ, शून्य ते नऊ अंक, मोठी रोमन अक्षरे आणि शेवटी लहान अक्षरे असा आहे. चौसष्ट बिटांचे सहा-सहाचे दहा गट होऊन चार बिट उरतात, त्यांच्या उजवीकडे दोन शून्ये जोडून अकरावे अक्षर मिळते. ही दोन शून्ये जोडण्यासाठी संपूर्ण ‘लाँग’ संख्या डावीकडे सरकवली, तर वरचे दोन बिट कायमचे जातात. शेवटचे चार बिट वेगळे काढून तेवढेच सरकवावेत. उजवीकडे सरकवताना चिन्हासह सरकवणाऱ्या दोन बाणांऐवजी चिन्हरहित तीन बाण वापरावेत. शेवटचे अक्षर चारच्या पटीतीलच असल्यामुळे तेथे केवळ सोळा अक्षरे येऊ शकतात. आपल्या हॅशच्या शेवटी मोठा ‘बी’ किंवा लहान ‘झेड’ आला, तर आणखी काही न तपासता कोड चुकला असे समजावे.

जाता जाता एक गमतीची चाचणी. पासवर्ड रिकामा ठेवला तर किल्ली सर्व शून्यांची होते. डीईएसच्या दृष्टीने ही ‘दुबळी’ किल्ली आहे : तिने दोनदा संकेतित केले की मूळ ठोकळा परत येतो. पंचवीस ही विषम संख्या असल्यामुळे पंचवीस वेळांचे उत्तर आणि एका वेळेचे उत्तर, सॉल्ट कोणताही असला तरी, एकच आले पाहिजे. दोन अर्धांची जागा बदलण्यात चूक असेल तर ती येथे बहुधा पकडली जाते.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या प्रणालीत मी हौसेने देवनागरीत ‘नाशिक’ असा पासवर्ड ठेवला होता. परवा घाईत ‘नागपूर’ लिहिले गेले, तरीही प्रवेश मिळाला. प्रणाली चालवणारे म्हणतात की असे होणे शक्य नाही. खरे काय समजावे?
— एक वाचक, सिडको

उत्तर : आपली प्रणाली वर सांगितलेली पद्धत वापरीत असेल, तर असे होणे नुसते शक्यच नाही, तर अटळ आहे. ‘नांदेड’ लिहून पाहावे, तेही चालेल. ‘नाही’ असे लिहिले तरी दार उघडेल.

कारण असे. क्रिप्ट आपल्याला दिसणारी अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते. यूटीएफ-८मध्ये (अक्षरांचे बाइट करण्याच्या आज रूढ असलेल्या लिपीसंकेतात) देवनागरीतील प्रत्येक वर्ण, तसेच काना, वेलांटी, अनुस्वार हे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘न’चे बाइट २२४, १६४, १६८, कान्याचे २२४, १६४, १९०. येथे सहा बाइट संपले. पुढे ‘नाशिक’मधील ‘श’ २२४, १६४, १८२ असा आहे, ‘नागपूर’मधील ‘ग’ २२४, १६४, १५१ आणि ‘नांदेड’मधील अनुस्वार २२४, १६४, १३०. हे तीन शब्द एकमेकांपासून वेगळे होतात ते नवव्या बाइटला, आणि क्रिप्ट आठव्यालाच थांबते. तीन शहरांचा हॅश त्यामुळे एकच येतो.

याचा अर्थ फार गंभीर आहे. निव्वळ देवनागरीतील पासवर्ड कितीही लांब ठेवला, तरी पहिल्या दोन वर्णांचे प्रत्येकी १२८ पर्याय आणि तिसऱ्या वर्णाच्या दुसऱ्या बाइटचे दोन (१६४ किंवा १६५), अशा एकूण ३२,७६८ शक्यताच हॅशपर्यंत पोहोचतात. मराठीत प्रत्यक्ष लिहिल्या जाणाऱ्या जोड्या त्याहून कितीतरी कमी. हॅश ज्याच्या हाती लागला, त्याला इतक्या शक्यता तपासायला आजच्या साध्या संगणकावर क्षणही लागत नाही. प्रणाली चालवणाऱ्यांना ही मर्यादा माहीत नसावी, एवढेच. ती त्यांच्या कोडमध्ये नाही, मूळ पद्धतीत आहे.

पंचवटीच्या विद्यार्थ्यालाही येथे एक सूचना. जावाच्या १८व्या आवृत्तीपूर्वी अक्षरांचे बाइट काढताना लिपीसंकेत स्पष्ट दिला नाही, तर कार्यप्रणालीचा संकेत धरला जाई. विंडोजच्या १२५२ या पाश्चात्त्य संकेतात देवनागरी बसतच नसल्यामुळे प्रत्येक वर्णाचे प्रश्नचिन्ह होत असे. मग आठ किंवा अधिक वर्णांचे सगळेच मराठी पासवर्ड म्हणजे आठ प्रश्नचिन्हे. यूटीएफ-८ हा संकेत नेहमी नाव घेऊन मागावा.

नव्या प्रणालीत मराठी पासवर्ड जरूर स्वीकारावेत, पण त्यांचे बाइट काढण्यापूर्वी युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लेखनांना एक रूप देणे, करून घ्यावे. ‘र’खाली नुक्ता देऊन लिहिलेला ‘ऱ’ आणि एकाच संकेतांकाचा ‘ऱ’ त्यामुळे एक होतात. सगळे प्रश्न मात्र त्याने सुटत नाहीत. ‘दऱ्या’मधील अर्धा र काही कळफलक ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहितात, तर काही ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, सामान्यीकरण त्यांना एक मानीत नाही. ‘ॲ’चेही तसेच : एका संकेतांकाचा ‘ॲ’ आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेला ‘ॲ’ वेगळे राहतात. फोनवर ठेवलेला पासवर्ड कार्यालयातील संगणकावर चालत नाही, अशी तक्रार आली तर आधी हे पाहावे. आणि जुन्या क्रिप्टसाठी मात्र कोणतेही सामान्यीकरण करू नये. तेव्हा जे बाइट गेले होते, तेच आजही जायला हवेत.

प्रश्न : आठ अक्षरे पूर्ण विचार करून, चिन्हे घालून निवडली, तर ही जुनी पद्धत आजही पुरेशी मानता येईल काय?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : नाही. कळफलकावरील ९५ चिन्हांतून आठ अक्षरे निवडण्याचे प्रकार सुमारे ६६ लाख अब्ज होतात, आणि ही संख्या १९७९मध्ये अजस्र होती. परंतु १९९८मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने खास बांधलेल्या यंत्राने डीईएसची किल्ली ५६ तासांत शोधून दाखवली, आणि त्यानंतर ग्राफिक्स कार्डे घरोघरी आली. खुद्द केन टॉम्पसन यांचा हॅश जुन्या बीएसडी युनिक्सच्या जतन केलेल्या फाइलींत सापडला होता. तो बरेच दिवस कोणाला दाद देत नव्हता. शेवटी २०१९मध्ये एका ग्राफिक्स कार्डाने चार दिवसांहून थोड्या अधिक वेळात तो उलगडला. पासवर्ड होता बुद्धिबळातील एक खेळी, वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे, शेवटी उद्गारचिन्ह. आठ अक्षरे, चिन्हांसह, आणि पद्धत ज्यांनी बसवली त्यांच्यापैकीच एकाची निवड.

प्रश्न : जुने हॅश नव्या पद्धतीत कसे न्यावेत? सभासद लॉगिन करतील तेव्हा बदलावेत असे ठरवले आहे, पण वर्षानुवर्षे लॉगिन न करणाऱ्यांचे काय? आणि नवी पद्धत कोणती निवडावी?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. २०१५मध्ये पासवर्ड-हॅशिंगच्या जाहीर स्पर्धेत निवडली गेलेली अर्गॉन२ ही पद्धत, तिचा ‘आयडी’ प्रकार, घ्यावा. सर्व्हरची स्मृती मर्यादित असेल तर २०२१च्या तिच्या मानक-दस्तऐवजातील ६४ मेबिबाइट स्मृती, ३ फेऱ्या आणि ४ मार्गिका (समांतर चालणारी कामे) हे माप घेता येते. पायथनमध्ये बाहेरची लायब्ररी नको असेल तर ‘हॅशलिब’मधील ‘एसक्रिप्ट’ चालेल. बीक्रिप्टही वाईट नाही, पण ते ७२ बाइटांपर्यंतच पाहते, म्हणजे देवनागरीचे २४ वर्ण, हे ध्यानात असू द्यावे. एमडी५वरची, ‘डॉलर एक डॉलर’ने सुरू होणारी पद्धत घेऊ नये; तिचे कर्ते पॉल-हेनिंग कांप यांनीच २०१२मध्ये ती आता सुरक्षित समजू नका असे जाहीर केले आहे.

लॉगिनच्या वेळी बदलण्याचा बेत चांगला आहे, पण त्यात एक खोच आहे. समजा, एका सभासदाचा पासवर्ड रोमन लिपीत ‘गोदावरी’ आणि पुढे जन्मवर्ष असा आहे. रोमन लिपीत ‘गोदावरी’ या शब्दाचीच आठ अक्षरे होतात. त्यामुळे जन्मवर्ष आजवर कोणी तपासलेलेच नाही. ते चुकीचे लिहिले, अर्धवट लिहिले किंवा गाळले, तरी प्रवेश मिळत आला आहे. ज्या दिवशी आपण हॅश बदलू, त्या दिवशी त्याने जन्मवर्ष चुकीचे टाइप केले असेल, तर नवी पद्धत ती चूकच कायमची पक्की करील, आणि दुसऱ्या दिवशी बरोबर पासवर्ड देऊनही त्याला दार बंद मिळेल. म्हणून जुन्या हॅशने प्रवेश मिळताच टाइप केलेला पासवर्ड परस्पर न साठवता, नवा पासवर्ड दोनदा लिहून घेणारे पान समोर आणावे.

जे येतच नाहीत त्यांच्या नोंदी उघड्या ठेवू नयेत. जुना तेरा अक्षरांचा हॅश हाच पासवर्ड आहे असे मानून त्यावर अर्गॉन२ चालवावे, त्याचे उत्तर साठवावे, आणि जुन्या हॅशपैकी सॉल्टची पहिली दोन अक्षरे तेवढी वेगळी ठेवून उरलेली अकरा पुसून टाकावीत. सभासद केव्हाही आला, की त्याच्या पासवर्डावर आधी क्रिप्ट, मग अर्गॉन२ चालवून ताडून पाहता येते. यामुळे आठ अक्षरांची मर्यादा जात नाही, पण डेटाबेस चोरीला गेला तर प्रत्येक अंदाजासाठी चोराला अर्गॉन२चा खर्च करावा लागतो. ज्यांचा पासवर्ड देवनागरीत आहे, त्यांना हे पांघरूण अपुरे आहे. ३२,७६८ अंदाजांना अर्गॉन२ही फार काळ अडवू शकत नाही. अशा नोंदी हॅश नुसता पाहून ओळखता येत नाहीत, त्यामुळे एक मुदत जाहीर करावी, तीनंतर सर्व उरलेली खाती बंद करावीत, आणि सभासदाने ओळखपत्र घेऊन शाखेत आल्यावरच ती उघडावीत.

हे सर्व झाल्यावर जुन्या बॅकअपकडे वळावे. डेटाबेसमधील अकरा अक्षरे पुसली, तरी मागच्या वर्षांच्या सीडी, पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्डडिस्कांवर ती जशीच्या तशी असतात. हिशेबतपासणीसाठी ते बॅकअप ठेवणे भाग असेल, तर प्रत्येकाची प्रत काढून तिच्यातील पासवर्डाचा स्तंभ रिकामा करावा, ती प्रत उघडते याची खात्री करून घ्यावी आणि मगच मूळ डिस्क नष्ट करावी.